दहा लाख एक

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, तोही चिडूनच.

फोनवर बोलायची सोय नाही, आई शेजारीच असते. ऑपरेशन तिच्या डोक्याचं झालं, पण डोकं उठलंय माझं. दहा लाख एक ही म्हणे मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी आई भागून बसली आहे. टेबलभर कागद, बाथरूमच्या आरशावर साबणाने भागाकार! आणि तू तिला शाबासकी दिलीस!

अरे, एकशेएकने भाग जातो! शंभराचा घन अधिक एक. घनांच्या बेरजेचं सूत्र शाळेत तिनेच शिकवलं ना आपल्याला? तेच ती विसरली, याची मला भीती वाटते. आता हे कागद शाळेत नेऊन दाखवणार, आणि ‘मला पुन्हा गणित शिकवायला घ्या’ म्हणणार.

काय करू, लवकर कळव. चिडले तरी माया आहेच.
तुझी चिमी

ता. १२ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, सोबत थोडा धीर.

चूक मला त्याच दिवशी कळली होती. पण तिला त्रास होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय ना? मग त्या आकड्याला भाग गेला काय अन् न गेला काय! पुलाचं काम टाकून मला येता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंना फोन केलाय, त्या सांभाळून घेतील. तू नुसती मान डोलाव.
तुझा दादा

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

मान डोलावणं जमलं नाही. आज ती इस्त्रीचे कपडे घालून शाळेत निघाली, तेव्हा दारातच सगळं सांगून टाकलं. तुझा फोनसुद्धा. ती टेबलाशी बसली, भागाकार केला. बाकी शून्य. पुन्हा केला, पुन्हा शून्य. मग मला खोलीबाहेर जायला सांगितलं. तेव्हापासून दार बंद, ताट तसंच. हे मी एकटीने निस्तरायचं, आणि तू तिकडे पूल बांध! आता तूच लिही तिला.
चिमी

ता. २३ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
आशीर्वाद, पण या खेपेला अर्धेच.

तुझं माफीचं पत्र पोचलं. वजाबाकीत हातचा चुकले, हे एक वेळ चालेल. पण जन्मभर फळ्यावर लिहिलेलं सूत्र आठवूच नये? फार रडले. अजून घाबरलेली आहे. शाळेत इतक्यात जाणार नाही. चिमी संध्याकाळी दुकानातून आली की माझी उजळणी घेते, आणि चुकलं की खेकसते. काल आम्ही इतक्या भांडलो की शेजारीण डोकावून गेली. त्यानंतर मी पोटभर जेवले.

राग आहे तो तुझ्यावर. चूक कळूनही वाहवा केलीस, वर माझ्यामागे बाईंना फोन! चिमीने रडवलं, पण माणसात ठेवलं. तू हातात खुळखुळा दिलास. सुट्टी काढून ये, आणि माझं चुकलं तर तोंडावर सांग.

लोभ कर, लाड नकोत.
तुझी आई