बॉनेटवरचे पंजे

रविवार, मुरबाड

विकी, माझा चुलतभाऊ, त्याची स्पोर्ट्स कार घेऊन गॅरेजला आला. म्हणाला, "दादा, रेस ट्रॅकवाले ब्रेक पॅड टाक. घाटात नाय नेत मी."

मग बॉनेटवर माकडाच्या पंजांचे ठसे कसे? ट्रॅकवर माकडं असतात का?

ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. माळशेज घाटाच्या पहिल्याच वळणावर गार पॅड म्हणजे गाडी दरीत. साधे टाकावेत, आणि हा खरंच ट्रॅकवर गेला, तर ते तापून ब्रेक लागायचे नाहीत. म्हणजे पॅड नंतर, आधी भाऊ खरा की खोटा ते ठरवायचं.

विचारलं तर नुसता हसला. मी म्हटलं, "काकूला बोलावू का पंजे बघायला?"

त्याने लगेच फडकं उचललं आणि बॉनेट पुसायला लागला.

साधेच टाकतो.