घरी नेलेले टाइमआउट

मी, व्हेल्डा होर्नाक, कै. प्रशिक्षक आल्विन होर्नाक यांची पत्नी, वय ब्याऐंशी, राहणार ब्रेनर क्रॉसिंग, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी आपल्या अमेरिकन फुटबॉलवर वाद घालून पाहावा.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलगा ड्वेन आणि मुलगी रोझलिन यांना निम्मी निम्मी. खिमा-राजम्याची चिली रांधायचे मोठे पातेले रोझलिनला. ड्वेनला पाणीसुद्धा उकळता येत नाही.

२. आल्विनची शिट्टी ड्वेनला. बापामागून तो कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि बापाची खोडही उचलली. आपण गुणांत मागे, चेंडू समोरच्यांकडे, ते रमतगमत वेळ संपवताहेत, आणि हा हाताची घडी घालून उभा! टाइमआउट मागून घड्याळ थांबवायचे ते तेव्हाच. विचारले तर म्हणतो, "आई, आपल्याकडे चेंडू आल्यावर लागतील ना!" अरे, वेळच उरला नाही तर त्या चेंडूचं काय लोणचं घालायचंय? अर्ध्या सामन्याला मोजून तीन टाइमआउट मिळतात, उरलेले पुढच्या सामन्यात चालत नाहीत. जन्मभर बापाला सांगितले, आता लेकाला सांगते. पालथ्या घड्यावर पाणी.

३. मैदानातल्या आमच्या दोन पिढीजात खुर्च्या दोघांना मिळून. वाटणी करता येणार नाही, विकता येणार नाहीत, ड्वेनची प्रशिक्षकी संपली की शेजारीच बसावे लागेल. गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात याच खुर्चीवर चढून रोझलिन किंचाळली, "ड्वेन, मेल्या, घड्याळ थांबव!" सगळ्या मैदानाने ऐकले. त्याने थांबवले नाही. तिन्ही टाइमआउट शिल्लक ठेवून आम्ही हरलो. तेव्हापासून बहीणभावात बोलणे नाही. त्याला चारचौघांतला अपमान सलतो, ती माफी मागायला तयार नाही. मध्ये पडावे तर दोघांचे एकच पालुपद, "हा हंगाम होऊ दे, मग बघू." मला दोघांचाही वीट आला आहे.

४. डॉक्टरांच्या मते मी मक्याच्या कापणीपर्यंत काढेन. म्हणजे फुटबॉलचा हंगाम माझ्यानंतर संपणार. तेव्हा वकिलांना सक्त सूचना: हे मृत्युपत्र माझ्यामागे उघडायचे नाही. येत्या रविवारी, माझ्या स्वयंपाकघरात, दोघांना शेजारी बसवून माझ्यादेखत वाचायचे. सराव असला तरी ड्वेनने यायचे. चिली आणि दालचिनीचे रोल मी करते.

पोरांनो, माझ्याकडे एकच टाइमआउट उरला आहे. तो मी आत्ता मागते आहे.

सही: व्हेल्डा होर्नाक

साक्षीदार: लेस्टर डूली, शेजारी ("काकू, त्या दिवशी मीसुद्धा ओरडलो होतो," म्हणत सही केली), मार्व्हा डूली, त्याची बायको.

ब्रेनर क्रॉसिंग, ऑगस्टचा दुसरा गुरुवार.