बंदी घातलेला वन्समोर

तीर्थस्वरूप भाऊजींना,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजून घ्यावं. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या आमचे सगळे नमस्कार कागदावरच.) तुमचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि आमची ताई हे तिघंही शांत असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे. लोकांना दिसेनासं होतंय तोवर आपल्याला काळजी नाही.

पत्रास कारण की, आमच्या हिने परवा ताईला फोनवर सांगितलं म्हणे, की मला नाट्यगृहातून हाकलून दिलं. ही बातमी साफ चुकीची आहे. मला कोणीही हाकललेलं नाही. नाटक संपेपर्यंत मी माझ्या खुर्चीवर बसून होतो आणि माझ्या पायांनी बाहेर आलो. यापुढे आत येऊ नका, एवढंच मला सांगण्यात आलं. या दोन्हींत फरक आहे, आणि तो तुमच्यासारख्या सरळ माणसाला कळेल म्हणून ताईला न लिहिता तुम्हाला लिहितोय. तुम्हाला संगीत नाटकातलं काही कळत नाही, हे या कामी फार उपयोगाचं आहे. (राग मानू नका. लग्नानंतर ताईने तुम्हाला पहिलं नाटक दाखवलं तेव्हा तुम्ही दुसऱ्याच पदाला झोपलात आणि टाळ्यांनी जागे होऊन 'आलं का स्टेशन?' असं विचारलंत, हे तुम्हीच सांगता. इतका निःपक्षपाती माणूस शोधून मिळणार नाही.)

आता मुळापासून सांगतो. मी नुसते जुन्याचे गोडवे गाणारा नाही, हे आधी नोंदवून ठेवा. जुन्या नाटकांत काय काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. राजवाड्याच्या पडद्याला मधोमध घडी पडलेली असायची आणि ती नेमकी राणीच्या खिडकीतून जायची. सोळा वर्षांची नायिका जिना चढताना कठडा धरून मध्येच दम खायची. शत्रू वेशीवर आला ही बातमी घेऊन आलेला दूत, राजाच्या पदाला पडणारे सगळे वन्समोर संपेपर्यंत दारात भाल्यावर रेलून उभा असायचा, आणि शत्रूही बिचारा वेशीवर थांबायचा. हे सगळं मान्य. पण पद संपलं आणि आवडलं, तर आपल्याला तसं सांगता यायचं. अख्ख्या नाटकात प्रेक्षकाला तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते मी आजवर चोख म्हणत आलो. आमच्या नाट्यगृहात दाराशी तिकिटं फाडणाऱ्यापासून झाडूवालीपर्यंत सगळे मला 'वन्समोरकाका' म्हणूनच ओळखतात. मात्र मी वन्समोर उधळत नाही. गळ्याच्या कसरतीला देत नाही, श्वास किती वेळ धरला याला देत नाही, आणि नातेवाइकांना तर नाहीच नाही. (तुमचा भाचा नाटकात गायला तेव्हा मी तोंड मिटून बसलो होतो. त्यावरून तुमच्या घरी झालेली बोलाचाली तुम्हाला आठवत असेल. माझं मत अजून तेच आहे.)

तर आमच्याकडे ते जुनं दीपगृहाचं नाटक नव्याने बसवलंय. दिग्दर्शक तरुण आहे. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावतो. त्या चष्म्याला नंबर नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून लांबूनच ओळखलं, आणि तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. रंगमंचावर पडदा नाही, समुद्र नाही, घर नाही. एक शिडी आहे. शिडी आडवी केली की बोट, उभी केली की दीपगृह, आणि माणूस तिच्यामागे जाऊन उभा राहिला की तुरुंग. सगळ्यांचे कपडे राखाडी, त्यामुळे सावकार कोणता आणि नोकर कोणता यावर मध्यंतरापर्यंत आमची आणि हिची कुजबुज चालली होती. पदं होती त्याच्या निम्मीही राहिलेली नाहीत. जी राहिली त्यांचं एकेकच कडवं. गालाला चिकटवलेले माइक असे तिखट कानांचे, की खलनायकाचं पोट गुरगुरलं तेही शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साथ. साथीदार बसायचे ती रंगमंचापुढची जागा फळ्या टाकून बंद केली आहे आणि वर कुंड्या मांडल्यात. संगीत म्हणे आधीच वाजवून, भरून आणलेलं. आमच्या जुन्या पेटीवाल्यांना मात्र काढलेलं नाही. त्यांना विंगेत एका खोक्यासमोर बसवलंय आणि वेळ आली की बटण दाबायला सांगितलंय. एवढा पेटी वाजवणारा माणूस, आता एका बोटावर आला.

साथीची ही बातमी आधीच कानावर आली होती, म्हणून वन्समोर द्यायचा नाही, हे मी घरून ठरवूनच निघालो होतो. हिला तसा शब्दही दिला होता. भरून आणलेल्या संगीताला वन्समोर देऊन करायचं काय? ते थोडंच थांबणार आहे?

दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक बोटीवर जायला निघतो आणि त्याची बायको दीपगृहाच्या पायऱ्यांवरून निरोपाचं पद म्हणते. मुलगी नवी होती. अंगाने किरकोळ, शिडीला एका हाताने धरून उभी. या पदाला पूर्वी काय काय व्हायचं ते सांगत बसत नाही. समोरच्या रांगेतल्या बायका आधीच रुमाल काढून ठेवायच्या. या मुलीने आवाज चढवला नाही, काही नाही. शेवटची ओळ तिने अशी म्हटली, की नवऱ्याच्या कानावर गेली तर तो थांबेल, म्हणून ती त्याच्या कानावर जाऊ नये. भाऊजी, मी ओरडलो असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. तोंड उघडलं तेव्हा वन्समोर बाहेर गेलेला होता.

अख्खं नाट्यगृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. हल्लीच्या लोकांना हा शब्दच ठाऊक नसावा, कारण शेजारच्या गृहस्थांनी मला पाणी हवंय का असं काळजीने विचारलं. मुलीने मात्र ऐकलं. क्षणभर ती गोंधळली, मग तिने मान लववली आणि पद पहिल्यापासून सुरू केलं. नायक ट्रंक घेऊन विंगेपर्यंत पोचला होता. बायको पुन्हा निरोप देतेय म्हटल्यावर तोही माणुसकीने परत आला आणि ट्रंक खाली ठेवून उभा राहिला. इथवर सगळं रीतसर झालं. पण संगीत पुढे निघून गेलं होतं. पदानंतर वादळ येतं, ते आलं. ढग गडगडले, बोटीचा भोंगा झाला, आणि भोंगा झाला की खलनायकाने यायचं असं ठरलेलं असल्यामुळे खलनायक आला. त्याला एकच वाक्य पाठ. 'बोट बुडाली, एकही माणूस वाचला नाही,' असं त्याने नायकाच्या तोंडाकडे बघत जाहीर केलं. नायकाने थोडा विचार केला, ट्रंक उचलली आणि बुडायला निघून गेला. पेटीवाल्यांनी घाबरून खोक्यावरची दिसतील ती सगळी बटणं दाबली. एकदा कोंबडा आरवला, एकदा तोफ उडाली, आणि मग शेवटच्या अंकातलं सगळे भेटतात तेव्हाचं आनंदी संगीत जोरात सुरू झालं. त्या संगीतात ती नुकती विधवा झालेली मुलगी शिडी धरून उभी. लोक पोट धरून हसत होते. ही केव्हाच उठून मागच्या रांगेत एका अनोळखी कुटुंबात जाऊन बसली होती.

नाटक संपल्यावर मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा हलवत दाराशी उभाच होता. भला माणूस आहे. पाऊस असला की मला छत्री देतो. 'काका,' तो म्हणाला, 'तुमच्या तोंडाचा मला भरवसा नाही. यापुढे नका येऊ.' माझं बोलण्यासारखं होतं ते आधीच बोलून झालं होतं. घरी येऊन कपडे बदलले, ताटावर बसलो आणि तसाच उठलो. इतकी वर्षं ज्या दारातून न विचारता आत गेलो, तिथे आता जायचं नाही, हे मनात उतरेना. वाईट वाटलं, भाऊजी. फार वाईट वाटलं.

मग या आठवड्यात ती मुलगी दुकानात आली. मी एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत होतो. तिला पाहून स्क्रू हातातून उडाला तो अजून सापडलेला नाही. आपण लोकांना डोळे तपासायला बसवतो त्या खुर्चीवर ती बसली. मी घाईघाईने माफी मागायला सुरुवात केली, तर तिने हात करून मला थांबवलं. कंपनीतले सगळे तिला म्हणतायत, की ते काका काय, कुठेही ओरडतात, त्यांना सवयच आहे, तू उगाच मनावर घेतलंस आणि नाटकाचा विचका केलास. तेव्हा तिला फक्त एक विचारायचं होतं. 'काका, तुम्ही खरंच मागितलात का? की आपलं सवयीने?'

मी म्हणालो, 'बाई, मी द्यायचा नाही असं ठरवून आलो होतो.'

समोर अक्षरांचा तक्ता होता, त्याकडे ती बघत बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला वरचं मोठं अक्षर वाचायला सांगितलं, तर तेही तिला दिसेना. (नजर उत्तम आहे. डोळे पुसल्यावर अगदी खालची ओळसुद्धा वाचली. मी वाचून घेतली.) ती लहानपणापासून गातेय, पण तिच्या पिढीला भरून आणलेल्या संगीताबरोबरच गायचं असतं. तिथे कोणी काही मागत नाही आणि मागितलं तरी देता येत नाही. हा तिचा पहिला वन्समोर होता, आणि तो बोटीबरोबर बुडाला.

जाताना तिने फ्रेमचे चार नमुने उगाचच लावून पाहिले आणि काही न घेता गेली.

असो. तर मला हाकललेलं नाही, एवढं तुम्ही ताईला नीट समजावून सांगा. संगीत नाटकाचे दिवस संपले या माझ्या मतात या प्रकाराने काडीचाही फरक पडलेला नाही. गुडघ्याला जपा. ताईला आशीर्वाद सांगा म्हणावं तर ती मोठी, म्हणून तिलाही नमस्कारच.

तुमचा,
चष्मेवाला मेहुणा

ता. क. येत्या रविवारी त्या नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे. मुलीने दिग्दर्शकाच्या मागे लागून एक गोष्ट पदरात पाडून घेतली आहे. निरोपाच्या पदापुरतं ते खोकं बंद, आणि पेटीवाले कुंड्या बाजूला सारून खाली बसून साथ करणार. (दिग्दर्शक लगेच हो म्हणाला. त्या दिवशीचा हशा त्याला इतका आवडलाय, की नायकाने ट्रंकेसह बुडायला जाणं पुढच्या नाटकात कुठे घालता येईल, याच्या तो विचारात आहे.) मी यावं असं तिने मुद्दाम सांगितलंय. मी मॅनेजरचे पाय धरायचेच बाकी ठेवले. शेवटी तो एका अटीवर कबूल झाला: मी तोंड उघडायचं नाही, आणि संगीताशी ज्याचा काहीही संबंध नाही असा जबाबदार माणूस माझ्या शेजारी बसायचा. ही यायला तयार नाही. मी तुमचं नाव सुचवलं आणि स्टेशनाची गोष्ट सांगितली. मॅनेजर म्हणाला, हेच गृहस्थ पाहिजेत. तेव्हा शनिवारी संध्याकाळपर्यंत निघून या. खुर्च्या कडेच्या आहेत, गुडघा लांब करता येईल.

ता. क. दुसरा. वर सगळं लिहिलं नाही, ते लिहितो. मी शब्द दिलाय, तुम्ही दिलेला नाही. तुम्ही पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरी केलीत. सगळ्या मोटारी चालू असताना पलीकडच्या टोकाच्या माणसाला तुमची हाक ऐकू जायची असं ताई कौतुकाने सांगते. तो आवाज मला रविवारी एकदाच हवा आहे. पद संपलं की ओरडायचं. शब्द एकच आहे, अवघड नाही. टाळ्या काय, वाजतीलच. हल्ली त्या शिडी उचलून नेली तरी वाजतात. आजवर मी ओरडत आलो तो स्वतःसाठी, मला पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून. हा मला तिच्यासाठी हवाय. पेटी असेल, ती थांबेल, मागे येईल, आणि त्या मुलीला एकदा तरी पद पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्यांदा म्हणता येईल.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. मात्र पद रंगलं नाही तर ओरडू नका. खोटा वन्समोर तिला नको आहे, आणि मीही तो कोणाला देऊ देणार नाही. रंगलं की नाही हे तुम्हाला कसं कळणार, याचा मी विचार करून ठेवलाय. रंगमंचाकडे बघूच नका, माझ्याकडे बघत बसा. मी एका हाताने तोंड दाबून बसलेला असेन, तोवर थांबायचं. दुसरा हातही तोंडावर गेला, की ओरडा.