इस्त्री निवेपर्यंत

मी खाली सही करणारी (अंगठा नव्हे, सही, तिसरीपर्यंत शिकले आहे), धंदा इस्त्रीचा, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठीक असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. थोरल्या मुलाला शंका असल्यास त्याने आपलंही तपासून घ्यावं. याआधी तोंडी जे काही कबूल केलं असेल ते रद्द समजावं.

कलम एक. मागच्या दोन खोल्या, कानातलं आणि बँकेत असेल ते थोरल्याला. माझ्या औषधपाण्यात त्याने कसूर केली नाही. केलं, पण बोलून दाखवलं.

कलम दोन. रस्त्याकडची खोली, म्हणजे दुकान, थोरल्याला नाही. ती मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचा बेत त्याने मी झोपले समजून बायकोला सांगितला. मी झोपले नव्हते. ही खोली मोठ्या, कॅथलिक देवळालाही नाही आणि धाकट्या, प्रोटेस्टंट देवळालाही नाही. मोठ्याचे फादर आणि धाकट्याचे पाळक हल्ली फळं घेऊन माझी चौकशी करायला येतात. फळं खाल्ली, खोली दिली नाही.

कारण लिहून ठेवते. या खोलीत दर शनिवारी मूकप्रार्थना भरते, तिची आता चळवळ झाली आहे आणि चळवळीच्या पुस्तकात सगळं खोटं छापलं आहे. दोन्ही पंथांची ही मूकप्रार्थना म्हणे 'मौनाच्या दैवी ओढीतून' जन्मली. कसली ओढ? अबोल्यातून जन्मली. कबरस्थानाच्या मधल्या भिंतीवरून दोन्ही मंडळ्यांचं वाजलं होतं, आणि झगे मात्र दोघांचेही माझ्याकडेच इस्त्रीला. मोठ्या देवळाची सिस्टर आणि धाकट्याची पाळकबाई, दोघी दर शनिवारी माझ्या बाकावर, तोंडं दोन दिशांना. बोलणं माझ्यामार्फत.

"यांना सांगा, पिशवी माझ्या पायावर आहे."

"यांना म्हणावं, पाय तिकडे घ्या."

शेवटी मी म्हटलं, "मी इस्त्री करते, टपाल वाहत नाही. आता इस्त्री निवेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. देवाशी काय असेल ते आतल्या आत बोला, तो बहिरा नाही."

बसल्या. कपडे झाले, घड्या झाल्या, निखारे विझले, तरी उठेनात.

"बायांनो, झालं."

सिस्टर म्हणाली, "इस्त्री अजून कोमट आहे."

पाळकबाईने हात लावून पाहिला आणि मला म्हणाली, "यांचं बरोबर आहे."

समेट तो एवढाच. पुढच्या शनिवारी इस्त्रीला कपडे नसतानाही दोघी आल्या. मग दोन्हीकडची माणसं येऊ लागली. तापलेली इस्त्री मध्ये ठेवायची आणि ती गार होईपर्यंत बसायचं. प्रवचन नाही, गाणं नाही, तुझं देऊळ कुठलं हे विचारणं नाही. दुसऱ्या गावांतही हेच सुरू झालं. पुस्तकात इस्त्रीला पवित्र आत्म्याच्या अग्नीची खूण म्हटलं आहे. ती झग्यांच्या कॉलरींसाठी होती.

आता फादर आणि पाळक दोघेही म्हणतात, चळवळ आमची. भिंत उंच केली आहे, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. अबोला तोच, पण यांना बसता येत नाही.

कलम तीन. खोली, बाक आणि कोळशाची इस्त्री थोरल्याच्या मुलीच्या, माझ्या नातीच्या हवाली. तिला निखारे ओळखता येतात आणि उलट उत्तर देता येतं, दोन्ही लागेल. शनिवारी दार सगळ्यांना उघडं ठेवावं. पाटी, माईक, दानपेटी आत येता कामा नये. विजेची इस्त्री चालणार नाही. ती बटणाचं ऐकते.

कलम चार, माझ्या मातीबद्दल. बाप्तिस्मा धाकट्या देवळातला, लग्न मोठ्या देवळातलं. त्यामुळे बाई आमची, असं दोन्हीकडून म्हणणं आहे. तरी शवपेटी दुकानात ठेवावी. नातीने इस्त्री तापवावी, कोळशाला हात आखडू नये. फादर आणि पाळक यांनी बाकावर शेजारी शेजारी बसावं, मध्ये पिशवी ठेवू नये. इस्त्री निवेपर्यंत दोघांनी बोलायचं नाही. जो आधी उठेल त्याच्या बाजूला मला पुरू नये. दोघेही शेवटपर्यंत बसले, तर मला भिंतीच्या जागीच पुरावं. त्यासाठी भिंत पाडावी लागेल. ते दोघांनी मिळून बघावं.

आणि दोघेही मधेच उठले, तर इस्त्री पुन्हा तापवा. मला घाई नाही.

सही केली, ती स्वतःच्या हाताने, साक्षीदारांसमोर.

साक्षीदार:
१. पाळकबाई (आता कानांनी ठार बहिरी, सगळं वाचून, दोनदा हसून सही केली)
२. डॉक्टर
सिस्टर आता नाही. तिच्यासाठी एक ओळ पाळकबाईने रिकामी सोडायला लावली:
३. 

ठिकाण: दुकान, इस्त्रीचं टेबल.
तारीख: वकिलांनी शिक्क्याखाली घातली आहे. वार शनिवार.