बाराव्या कादंबरीतल्या भुताची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम आणि भुतांच्या प्रेमकथा, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. उद्या हृदयाचे ऑपरेशन, म्हणून हे आजच. कोणाचा दबाव नाही. ह्यांनी "आधी जेवून घे" एवढाच आग्रह धरला होता, तो मी मानला नाही.

१. राहते घर ह्यांचे, ह्यांच्यामागे मुलाचे व सुनेचे. जपमाळही ह्यांना. चांगल्या साड्या सुनेला. तिने त्या नेसाव्यात, माझ्यासारख्या जपून ठेवू नयेत.

२. छापलेल्या अकरा कादंबऱ्यांचे हक्क मुलाला. त्याने एकही वाचलेली नाही, तेव्हा निःपक्षपाती राहील.

३. तिसरीवर मालिका काढली तेव्हा लिहायला मलाच बसवले होते. भुताच्या मनातले मी दोन पाने भरून लिहिले. दिग्दर्शक म्हणाला, "काकू, हा नुसताच उभा आहे. करतोय काय?"
"झुरतोय."
"ते दिसणार कसं?"
शेवटी पडदा हलवला. बाविसाव्या भागात मी भुताला मुक्ती दिली, तर निर्माता हात जोडून म्हणाला, "काकू, भूत गेलं तर आम्ही जायचं कुठे?" मी घरी आले. ते बिचारे आणखी चारशे भाग भटकले. त्या पापात माझा वाटा नाही.

४. सून मालिका लिहिते. हुशार आहे. सकाळी लिहिलेले दुपारी नटाच्या तोंडी असते, मला जन्मात जमले नसते. माझ्या बाराव्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण राहिले आहे. मी उठले नाही तर ते तिने लिहावे.
"आई, माझ्या हातून तुमचं भूत परत येईल हं!" असे ती म्हणाली आहे. म्हणून अटी: दार धाडकन उघडू नये. एकच चेहरा तीनदा दाखवू नये. वाचणारी बाई एकटी असते, तिला धक्का नको, सोबत हवी. यात भूत बायकोचे आहे. नवऱ्याने "जा" म्हणावे, आणि तिने जावे.

५. खरे सांगायचे तर तीन महिने मलाच ते लिहवत नाही. तो "जा" म्हणतच नाही. सासूबाईंना म्हातारपणी मालिकेचा नाद लागला असे सुनेला वाटेल. वाटू दे.

६. लिहून झाले की सुनेने ते आधी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. अकराही ह्यांनीच पहिल्यांदा ऐकल्या. शेवट आला की ऐकू न आल्याचे सोंग करतात. तेव्हा शेजारी बसावे, आणि पुन्हा वाचावे.

सही: सौ. (मीच)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई, अकराही वाचलेल्या, कोपऱ्यावरचे औषधवाले, फक्त मालिका पाहिलेले
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: अकरा, मंगळवार, सकाळ