नेनादच्या गाडीतल्या आरोळ्या

३ फेब्रु. २००३, शारजा
आजपासून नेनादच्या गाडीतून ऑफिस. सर्बियाचा, नोव्ही सादचा. आमच्याकडे ड्राफ्ट्समन आहे, एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज काढतो. वय सव्वीस-सत्तावीस. राहतो माझ्याच गल्लीत. पेट्रोल निम्मं निम्मं.
दुबईच्या रस्त्याला लागलो आणि रांगेत गाडी थांबली ती थांबलीच. त्याने कॅसेट लावली. पत्र्यावर खिळा ओढावा तशी गिटार, आणि वर एक पोरगा जिवाच्या आकांताने ओरडतोय.
"याला कोणी मारतंय का?"
"नाही. गाणं आहे. आमच्याकडचे नवे बँड. इमो, म्हणजे मनातलं दुखणं मांडणारं रॉक. हा जरा जास्त ओरडतो, त्याला स्क्रीमो म्हणतात."
"बँडचं नाव?"
"अजून ठेवलं नाही. नाव ठेवलं की फुटतात."
खोलीवर आल्यावर सुर्वे म्हणाला, "मास्तर, आज गप्पसे?" सुर्वे रत्नागिरीचा, साइटवर फोरमन, तीन वर्षं शेजारच्या कॉटवर. मी रोजच गप्प असतो. त्याला आज दिसलं.

९ फेब्रु.
ने.शी वाद. इंग्रजीत भांडायचं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून पळायचं. तरी पळालो. म्हटलं, आरोळीत मुद्दा कुठे असतो? इचलकरंजीत कामगारांच्या सभांत मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोललोय मी. रात्रशाळेतली नोकरी त्या बोलण्यापायी गेली. पण माझ्या प्रत्येक वाक्याला कारण होतं. नुसता संताप कोणालाही येतो.
"शब्द आहेत," ने. म्हणाला. "तू ऐकत नाहीस."
मग कॅसेट मागे नेऊन एकेक ओळ सांगितली. फॅक्टरी बंद झाली आहे. बाप टीव्हीसमोर बसलाय, टीव्ही बंद आहे. आई भांडं खाली ठेवते, आवाज न करता. पोरगा म्हणतो, मी इथे उभा आहे, कोणीतरी वळून बघा.
एवढंच. दीड मिनिटाचं गाणं.
वादात हरलो असं नव्हे. पण.

१९ फेब्रु.
आज कळलं की हे लोक स्टेजवर वाजवत नाहीत. तळघर, युवककेंद्राची एखादी खोली, वीसेक पोरं, बँड जमिनीवरच, ऐकणाऱ्यांच्या नाकासमोर. माइक मध्ये पडलेला असतो, ज्याला ओरडायचं तो उचलतो. ने. स्वतः ड्रम वाजवायचा. इकडे आला, तेव्हा त्याचा बँड फुटला. उरलेल्यांनी नवा काढला.
"अध्यक्ष कोण असतो?" मी विचारलं.
"कसला अध्यक्ष?"
समजावून सांगितलं. तो एवढा हसला की पुढची गाडी सरकलेली त्याला दिसली नाही. मागून हॉर्न. "यल्ला, हबीबी!" म्हणजे चल रे बाबा.

२८ फेब्रु., शुक्रवार
घरी बायकोला, सुधाला फोन. "तुमचा आवाज असा का येतो? आजारी माणसासारखा?" म्हटलं लाइन खराब आहे. म्हणाली, "लाइन चांगली आहे. तुम्हीच बोलत नाही. चौकात उभे राहिलात की लोक पाराच्या कडेला बसायचे, आणि मला नुसतं हं हं."
काय सांगू तिला. हजार माणसांशी बोलायची सवय. एका माणसाशी कसं बोलायचं, तेही रांग लावून मिळालेल्या फोनकार्डावर.
खोडतो. नुसतं रडगाणं झालं.

२२ मार्च
बगदादवर बॉम्ब पडायला लागले. गाडीत कॅसेट नाही, रेडिओ. ने. म्हणाला, "आमच्या पुलांवर नाटोचे पडले त्याला चार वर्षं झाली. ही बँडवाली पोरं तेव्हा शाळेत होती."
इथल्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाला बोलायचं ठरवलं. दहा मिनिटं पुरेत. या युद्धावर. आपण इथे ज्यांचे टॉवर बांधतो, ज्यांचं तेल उपसतो, ते आणि आपण, आणि तिथे मरणारी माणसं. तीन वर्षांत घशाखाली गेलेलं सगळं एका जागी.

४ एप्रिल, शुक्रवार
दुबईच्या करामा भागात मंडळाची बैठक. सेक्रेटरी पटवर्धन, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माणूस वाईट नाही. इडली पुढे सरकवत म्हणाले, "गायकवाड सर, परंपरेवर बोला ना. गडकिल्ले घ्या. युद्ध नको. हॉल शाळेने दिलाय, आणि व्हिसा काय, सगळ्यांचेच आहेत."
मी म्हटलं, मग नकोच.
"असं कसं? तुम्ही आभार माना. तुमच्याइतके सुंदर आभार कोण मानणार?"
त्यांची मुलगी शेजारी बसली होती. "Baba, can we go?" ती म्हणाली. मलाही तेच म्हणायचं होतं.

१२ एप्रिल
ने.ला सांगितलं. त्याने रेकॉर्डिंगचा वॉकमन काढून माझ्या मांडीवर ठेवला. "इथे बोल. काचा बंद, एसी चालू. या देशात ओरडायला एवढीच जागा आहे. माझ्या मित्रांना नव्या गाण्यात एक परका आवाज हवाय. तुझं दहा मिनिटांचं भाषण दे, ते त्यातून कापतील."
रस्ता तुंबलेला. दोन्ही बाजूंना बस, खिडकीला टेकून झोपलेले मजूर. मी ताठ बसलो. घसा साफ केला. आणि पूर्वीच्या आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा:
"अध्यक्ष महोदय!"
पुढे काहीच येईना. समोर ट्रकचं मागचं फळकूट. त्यालाच अध्यक्ष म्हटलं की काय मी? पुन्हा, "अध्यक्ष महोदय!" पुन्हा तेच. तोंडात सगळं भरलेलं, आणि समोर कोणी मान हलवून परवानगी देईना.
ने. वॉकमन बंद करून म्हणाला, "छान होतं." थट्टा नव्हती. तेच वाईट.

२ मे, शुक्रवार
मंडळाच्या कार्यक्रमात आभार मानले. शाळेचे, केटररचे, माइकवाल्याचे. टाळ्या पडल्या. पटवर्धन म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं!" सुर्वे मागे उभा होता, शुक्रवारचा ओव्हरटाइम सोडून आलेला. परतताना बसमध्ये त्याने विचारलं, "मास्तर, भाषण कधी होतं?"

१९ मे
ने. गेला. त्याचं काँट्रॅक्ट संपलं, कंपनीने वाढवलं नाही. गाडी एका मलबारी माणसाने घेतली. एक कॅसेट मला ठेवून गेला, माझ्याकडे वाजवायला काही नाही.
आता शेअर टॅक्सी. पाच जण, कोणी बोलत नाही.

१३ जून, शुक्रवार
सायबर कॅफेत ने.ची ईमेल. गाणं झालंय. नुसत्या ड्रमवर माझं "अध्यक्ष महोदय", दोनदा. तळघरात वाजवलं तर पोरं माझ्याबरोबर ओरडली, अर्थ न कळता. शेवटी एका मुलीने विचारलं, पुढे काय म्हणतो हा माणूस? ने.ला सांगता येईना. त्यांनी पुढचं एक मिनिट मोकळं ठेवलंय. पाठव म्हणतो.
दोनदा वाचली. शेजारचा फिलिपिनो विचारत होता, संपलं का तुमचं.

२० जून, शुक्रवार
सुर्वेकडून कंपनीच्या पिकअपची चावी मागितली. "कुठे जायचंय मास्तर?" कुठेच नाही, नुसतं बसायचंय म्हटलं. त्याने वर बघितलं, चावी दिली. वर त्याचा नवा टेप, रेकॉर्डिंगचं बटण चालतं असं सांगून.
बिल्डिंगमागच्या मोकळ्या वाळूत गाडी लावली. काचा वर. भर दुपार, कुत्रंही नाही. टेप चालू केला.
ठरवून आलो होतो, आज अध्यक्ष नाहीत. मान्यवर नाहीत. थेट त्या मुलीशी बोलायचं. मग पहिलं वाक्य काय. कॅसेट फिरतेय, तेवढाच आवाज ऐकू येतो. तोंड उघडलं, आणि हळू आवाजात म्हटलं, "पोरी, मी इथे बसलोय."