आईवर ओरडू नको

सुमंत,

मी हिंगण्याले ड्युटीवर चालली. वरणभात ओट्यावर झाकून ठेवला आहे.

आई नाटक नाही करून राहिली, हे तुले कितीदा सांगू? लकव्यानंतर तिच्या हातात ताकद आहे, पण वस्तू कशी वापरायची तेच हाताले सुचत नाही. काल तिनं चमचा उलटा धरला तर तू ओरडला काहून? मग ती जेवलीच नाही. "असं धर, तसं धर" म्हणू नको. पहिला घास तिचा हात धरून तोंडापर्यंत ने आणि चूप बस. पुढचं ती करते.

सकाळी तुझ्यावर चिडून मी केस मोकळेच सोडून तिच्यापाशी बसली होती. कोणी काही न सांगता तिनं माझी वेणी घातली.

ताई